लहान पाळीव प्राणी : विक्री व चिकित्सा

संगतीसाठी, करमणुकीसाठी वा राखणीसाठी घरात पाळले जाणारे कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅम्स्टर, पांढरा उंदीर व पिंजऱ्यातील पक्षी यांना पशुवैद्यकात लहान प्राणी अशी संज्ञा आहे. ‘लहान’ हा शब्द येथे वजनाचा निदर्शक नाही. मोठ्या जातीचा कुत्रा शेळीपेक्षा वजनाने जास्त भरतो; तरीही शेळी पशुधनात मोडते आणि कुत्रा लहान प्राण्यांत. उत्पन्नासाठी पाळलेला प्राणी आणि संगतीसाठी पाळलेला प्राणी असा हा भेद आहे. दवाखान्यांची रचना, विमा, औषधांचा पुरवठा व कायदा या सर्वांत तो खोलवर गेलेला आहे. सशाचे स्थान दोन्हींकडे आहे : मांसासाठी पाळला तर तो पशुधन, मुलांसाठी घरी आणला तर लहान प्राणी. प्रस्तुत नोंदीत या प्राण्यांच्या विक्रीचे निकष आणि त्यांच्या चिकित्सेचा खर्च यांचा विचार मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

पूर्वपीठिका : या प्रदेशाची पशुसंपत्ती म्हणजे खिल्लार बैल, म्हशी, शेळ्या आणि मेंढ्या. खरसुंडी, म्हसवड व पुसेगाव येथील यात्रांना जोडून भरणारे जनावरांचे बाजार आणि जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी यांचा लौकिक दूरवर आहे. कुत्रा मात्र येथे कामाचा सोबती म्हणून वावरला. धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा लांब पायांचा, सडपातळ शिकारी कुत्रा कारवानी या नावाने ओळखला जातो. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या कुत्र्यांच्या पैदाशीला उत्तेजन दिल्यामुळे मुधोळ हाउंड हे नावही त्यास पडले. कुत्र्याविषयीच्या ममत्वाचे या भागातील सर्वांत जुने स्मारक साताऱ्याजवळ संगम माहुली येथे आहे. छत्रपती शाहू (कार. १७०८–४९) यांचा प्राण शिकारीच्या प्रसंगी खंड्या नावाच्या कुत्र्याने वाचविला आणि त्याच्या मृत्यूनंतर महाराजांनी त्याची समाधी बांधविली, असे सांगतात. म्हातारी व अपंग जनावरे सांभाळणाऱ्या पांजरपोळांची परंपराही जुनी आहे. परंतु तिचा भर गोवंशावर राहिला.

ससा, गिनी पिग, हॅम्स्टर व परदेशी पक्षी हे पाळीव प्राणी म्हणून या भागात अलीकडे आलेले आहेत. नागरी वस्तीतील लहान घरे, मुलांचा आग्रह आणि जागा कमी लागेल ही समजूत ही त्यांच्या प्रसाराची कारणे होत. यांतील शेवटची समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते.

विक्रीची रीत : सातारा, कराड, सांगली व मिरज या शहरांतील दुकाने, खाजगी पैदासकारांची घरे आणि आठवडे बाजार अशा तीन ठिकाणी ही विक्री चालते. दुकानात दिसणारा प्राणी तेथे पोहोचेपर्यंत दोन-तीन हातांतून गेलेला असतो. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडई (पूर्वीची क्रॉफर्ड मार्केट), पुणे व कोल्हापूर येथून तो एसटीच्या किंवा खाजगी बसच्या टपावरून, भोके पाडलेल्या खोक्यात येतो. प्रवासात पाणी नसते, ऊन वा गारठा टळत नाही आणि वेगवेगळ्या ठिकाणची पिले एकाच खोक्यात कोंबली जातात. पिलू दुकानात ‘टवटवीत’ दिसते व घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आजारी पडते, याचे मूळ बहुतांशी या प्रवासात असते.

नावांचा घोटाळाही खरेदीदारास नडतो. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा पक्षी पुष्कळदा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतील असून त्याचा आहार व स्वभाव निराळा आहे. हॅम्स्टर जोडीने विकण्याची प्रथा आहे, परंतु सोनेरी हॅम्स्टर हा एकांतप्रिय प्राणी असून प्रौढ जोडी एकत्र ठेवल्यास एकमेकांना जखमी करते. नाण्याएवढे ‘शोभेचे कासव’ म्हणून दिले जाणारे लाल कानपट्टीचे अमेरिकन कासव पुढे २५ सेंमी.पर्यंत वाढते व कित्येक दशके जगते. ते कंटाळून तलावात वा नदीत सोडले की स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते. ही माहिती विक्रेत्याने आधीच दिली, तर निम्म्या तक्रारी उद्‌भवणारच नाहीत.

प्राणी हा नफ्याचा मार्ग म्हणून विकला जातो तेव्हा धोका आणखी वाढतो. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून चालविलेल्या एका कडकनाथ कोंबडी योजनेचा बोजवारा उडाला. मूळ मध्य प्रदेशातील झाबुआ भागाच्या या काळ्या कोंबडीची पिले व खाद्य शेतकऱ्यांना द्यायचे आणि अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घ्यायचे, असा तिचा करार होता. खरेदी व खाद्य दोन्ही थांबल्यावर सांगली, सातारा, कोल्हापूर व इतर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या शेडमध्ये पक्षी उपाशी राहिले. शेतकऱ्यांच्या बुडालेल्या पैशांची चर्चा झाली व ती होणे योग्यच होते; पक्ष्यांचे काय झाले, याची विचारणा फारशी झाली नाही. कडकनाथ हा घरगुती पाळीव पक्षी नव्हे. तथापि विकणाऱ्यावर पुढील पालनपोषणाची कोणतीही जबाबदारी नसली म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

कायदा : या विषयाचा मूळ कायदा म्हणजे प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०. त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हे या अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये गुन्हे आहेत. मात्र पहिल्या अपराधास कमाल ५० रुपये दंड ही १९६० मधील मर्यादा अद्याप बदललेली नाही. त्या काळी ही रक्कम अगदीच नगण्य नव्हती. आज ती पिंजऱ्याच्या कडीच्या किमतीहूनही कमी भरते. प्राण्यास ठार मारणे वा अपंग करणे यास मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

विक्रीचे प्रत्यक्ष नियमन दोन नियमावल्यांनी होते. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीचे नियम २०१७ मध्ये आले. पैदासकाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू न विकणे, मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिची वीण न घेणे, वर्षातून एकाहून अधिक व आयुष्यात पाचांहून अधिक वेळा तिला विऊ न देणे या त्यांतील प्रमुख अटी होत. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीचे नियम प्रसृत झाले. कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅम्स्टर, उंदीर व पिंजऱ्यातील पक्षी यांचा व्यापार करणाऱ्या प्रत्येक दुकानास त्यांअन्वये नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीची मुदत पाच वर्षे असते. प्राण्यांचे पिंजरे, पाणी, वायुवीजन व स्वच्छता, आजारी प्राण्यांचे विलगीकरण, पशुवैद्यकाची उपलब्धता आणि आवक, विक्री व मृत्यू यांची नोंदवही यांविषयी त्यांत तपशीलवार अपेक्षा आहेत.

नोंदवहीची अट ही या नियमावलीचा कणा म्हणता येईल. पिंजरा तपासणीच्या दिवशी धुऊन ठेवता येतो. परंतु महिन्यात किती पिले आली, किती विकली गेली व किती मेली हे आकडे एकमेकांशी जुळावे लागतात. मृत्यूंची नोंद नसलेले दुकान मृत्यू नसलेले दुकान असेल, असा संभव फार थोडा. ग्राहकानेही नोंदणीपत्र व पावती मागावी. पावतीवर प्राण्याचे वय, लसीकरणाची तारीख व पैदासकाराचे नाव असल्यास पुढील उपचारात पशुवैद्यकास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

तिसरी मर्यादा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची आहे. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात बोलणारा हिरवा पोपट हा भारतीय वन्य पक्षी असून त्यास पकडणे, विकणे व पाळणे या अधिनियमाने निषिद्ध आहे. मैना, मुनिया व चांदणीसारखी नक्षी असलेले भारतीय कासव यांचीही गोष्ट तीच. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीस जिवंत नाग पकडण्याच्या प्रथेवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले ते याच अधिनियमाच्या आधारे. शिराळ्याच्या नागाची सर्वत्र चर्चा झाली. ओसरीवरच्या पोपटाला तोच कायदा लागू आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसते. परदेशी प्राण्यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापार करारात समाविष्ट असलेल्या जातींची नोंदणी अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने व तीनुसार २०२४ मध्ये केलेल्या नियमांनी पालकावर बंधनकारक झाली आहे. बजरीगर व कॉकाटील हे या करारातून वगळलेले आहेत, परंतु अनेक मोठे परदेशी पोपट, इग्वाना व अजगर त्यात येतात. असा प्राणी घेताना कागदपत्रे नसतील, तर पुढे तो आजारी पडल्यावर दवाखान्यात नेण्यासही पालक बिचकतो, असा अनुभव आहे.

निवाऱ्याचे निकष : नियमांतील किमान मापे सर्व देशाला एकच आहेत, हवामान मात्र एकच नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व पावसाळाभर भिंती ओल्या राहतात. तेथून पूर्वेस जत, आटपाडी व माण या तालुक्यांत पाऊस ५०० मिमी.च्या आसपास असून उन्हाळ्यात तापमान ४०° से.पर्यंत चढते. सशाला घाम येत नाही. कानांतील रक्तवाहिन्यांवाटे तो उष्णता बाहेर टाकतो आणि हवा ३०° से.च्या वर गेली की त्याचा जीव धोक्यात येतो. पत्र्याच्या छपराखालील दुकानात दुपारी पंखा लावून भागत नाही. ओले गोणपाट, सावली व मातीच्या भांड्यातील थंड पाणी यांची आवश्यकता असते. उलट पश्चिम भागात ओलाव्यामुळे बुरशीजन्य त्वचारोग व पक्ष्यांचे श्वसनविकार अधिक संभवतात. तेथे पिंजरा जमिनीपासून उंच व तळ कोरडा हवा.

जागेचा निकष मापांपेक्षा प्राण्याच्या वर्तनावरून समजून घेणे सोपे जाते. सशाला कान ताठ ठेवून मागच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे व सलग दोन-तीन उड्या मारता आल्या पाहिजेत. पक्ष्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता यावेत. लांबट आडवा पिंजरा उंच गोल पिंजऱ्यापेक्षा चांगला, कारण पक्षी आडवे उडतात. तारेच्या तळावर सतत उभ्या राहणाऱ्या सशांच्या व गिनी पिगांच्या तळव्यांना व्रण पडतात, म्हणून पिंजऱ्याचा काही भाग सपाट व गवत अंथरलेला असावा. लपण्यास जागा नसेल तर हे सारे भक्ष्यवर्गीय प्राणी कायम भीतीखाली राहतात व त्यांची रोगप्रतिकारशक्ती घटते. स्वच्छतेची कसोटी नाकाने घेता येते. मूत्रातील अमोनियाने दुकानात शिरताच माणसाचे डोळे चुरचुरत असतील, तर तळाशी बसलेल्या सशाच्या श्वसनमार्गास इजा होऊ लागलेली असते.

आहाराबाबत एकच उदाहरण पुरेसे आहे. गिनी पिगाच्या शरीरात माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यास रोज किलोग्रॅमी वजनामागे सु. १० मिग्रॅ. किंवा अधिक क जीवनसत्त्व आहारातून मिळावे लागते. सशांसाठीचे खाद्य त्याला घातल्यास काही आठवड्यांत सांधे दुखणे, हिरड्यांतून रक्त येणे ही स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. पेरू, सिमला मिरची व कोथिंबीर यांनी हा रोग टळतो आणि या वस्तू दोन्ही जिल्ह्यांच्या कोणत्याही मंडईत मिळतात.

विक्रीशी निगडित रोग : सर्वांत घातक म्हणजे कुत्र्याच्या पिलांचा पार्व्हो विषाणुजन्य आंत्रदाह. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. संसर्ग झाल्यापासून साधारणपणे तीन ते सात दिवसांत पिलू मलूल होते, ओकाऱ्या होतात, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त हगवण लागते व शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. उपचार न झाल्यास बहुतेक पिले दगावतात. शिरेवाटे द्रव व क्षार देऊन आणि दुय्यम संसर्गाविरुद्ध प्रतिजैविके देऊन पुष्कळ वाचविता येतात. विषाणू जमिनीवर व पिंजऱ्यात अनेक महिने टिकून राहतो. साध्या साबणाने तो मरत नाही, ब्लीचिंगच्या द्रावणाने मरतो. म्हणून एका दुकानातील एक आजारी पिलू पुढील कित्येक खेपांना रोग देऊ शकते.

आठ आठवड्यांच्या वयोमर्यादेमागील कारणही यातच आहे. आईच्या चिकापासून मिळालेली प्रतिपिंडे सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागतात. ती शिल्लक असताना दिलेली लस निष्प्रभ ठरते व ती संपल्यावर लस नसेल तर पिलू उघडे पडते. या मधल्या काळासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. ‘लस दिली आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य एका मात्रेपुरते खरे असले, तरी ते पुरेसे नसते. पाच आठवड्यांचे पिलू अधिक गोजिरवाणे दिसते व लवकर विकले जाते. विक्रेत्याचा पिलाच्या खाद्याचा तीन आठवड्यांचा खर्चही वाचतो. हा वाचलेला खर्च पुढे पालकाच्या खात्यावर कित्येक पटींनी चढतो.

चिकित्सेची व्यवस्था : महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाचा आरंभ १८८६ मध्ये मुंबईच्या परळ येथील महाविद्यालयाने झाला. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे १९८८ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. ते नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक आहे. महाविद्यालयाशी संलग्न चिकित्सालयात मोठ्या जनावरांबरोबर लहान प्राण्यांवरही उपचार होतात. शिरवळ हे पुणे-बंगळूरु महामार्गावर असल्याने सातारा, वाई व फलटण या बाजूंस सोयीचे आहे. जत तालुक्यातील पालकाला मात्र ते दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते.

याखेरीज राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची व जिल्हा परिषदांची दवाखान्यांची साखळी आहे. तिच्यात जिल्हा पातळीवर सर्वचिकित्सालय, तालुक्यास लघु सर्वचिकित्सालय आणि गावोगावी श्रेणी-१ व श्रेणी-२ चे दवाखाने अशा पायऱ्या आहेत. श्रेणी-२ दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक नसून पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतो. साखळीचे मूळ उद्दिष्ट दूध, शेतीकाम व रोगनियंत्रण हे आहे. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने दर ५,००० गोवर्गीय एककांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली. या एककांच्या हिशोबात शेळ्यामेंढ्या ठराविक प्रमाणात धरल्या जातात, पण गिनी पिगाला वा बजरीगराला स्थान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्रे व ससे मोजले गेले. मांजरे मोजली गेली नाहीत. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर मिळणारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवाही प्रामुख्याने पशुधनासाठीच आहे. यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. एका म्हशीवर एका कुटुंबाचा संसार चालतो व तिला अग्रक्रम मिळणे न्याय्य आहे. परिणाम मात्र असा, की कुत्र्याला शासकीय दवाखान्यात नाममात्र शुल्कात लस व प्राथमिक उपचार मिळतात, शस्त्रक्रिया वा क्ष-किरण परीक्षा लागली की खाजगी चिकित्सालय गाठावे लागते आणि ससा वा पक्षी असेल तर त्याची सवय असलेला पशुवैद्यक शोधणे हेच पहिले काम होऊन बसते.

खर्चाची कारणे : काही शे रुपयांत विकत घेतलेल्या हॅम्स्टरच्या उपचाराला त्याच्या किमतीच्या अनेक पट खर्च का यावा, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. याचे उत्तर असे, की चिकित्सेचा खर्च प्राण्याच्या किमतीवर वा वजनावर ठरत नाही. बजरीगराचे वजन ३० ते ४० ग्रॅ. असते. त्याला लागणारे औषध थेंबभरच. पण तपासणीचा वेळ, क्ष-किरण यंत्र, भूल देण्याची सामग्री व कुशल मदतनीस हे मोठ्या कुत्र्याला लागतात तेवढेच लागतात. काही बाबतींत खर्च उलट वाढतो. प्राण्याच्या वजनाच्या सु. एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त तपासणीस काढणे धोक्याचे असते, ३५ ग्रॅ.च्या पक्ष्याबाबत ही मर्यादा सु. ०·३५ मिलि. येते. एवढ्या रक्तात चाचण्या करण्यास विशेष उपकरणे लागतात. भुलेखाली लहान शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून उष्णता देण्याची व्यवस्था लागते. लहान प्राण्यांसाठी स्वतंत्रपणे बनविलेली औषधेही थोडी असल्याने मोठ्या प्राण्यांची वा माणसांची औषधे हिशोबाने विरल करून द्यावी लागतात.

खाजगी चिकित्सालयांच्या शुल्कावर शासकीय दरपत्रकाचे बंधन नाही. चिकित्सालयातील उपचारसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. विम्याचा आधार अपुरा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाखालील अनुदानित विमा गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांना व उत्पादनासाठी पाळलेल्या सशांनाही मिळू शकतो. संगतीच्या कुत्र्यामांजरांना तो नाही. काही विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा उतरवितात, परंतु लहान शहरांत त्याचा प्रसार बेताचा आहे. पालकाने घ्यावयाची खबरदारी साधी आहे : प्राणी आणण्यापूर्वी त्याचे आयुर्मान (हॅम्स्टर २–३ वर्षे, गिनी पिग ५–७, ससा ८–१०, कॉकाटील १५ ते २०) लक्षात घेऊन वार्षिक लसीकरण, जंतनाशक व एखाद्या आकस्मिक शस्त्रक्रियेची तरतूद करावी आणि तो प्राणी तपासणारा जवळचा पशुवैद्यक कोण, याची चौकशी आधीच करावी. पार्व्होच्या लसीकरणाचा सर्व मात्रांचा मिळून खर्च त्या रोगाच्या चार-सहा दिवसांच्या उपचारापेक्षा कितीतरी कमी असतो.

खर्च टाळण्यासाठी केलेले घरगुती उपचार कित्येकदा जीवघेणे ठरतात आणि शेतकरी कुटुंबांत तर औषधांची बाटली हाताशीच असते. गोठ्यातील गोचिडांसाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन वा डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे मांजरास लावल्यास त्याचे यकृत ती निष्क्रिय करू शकत नाही. थरथर सुटून आकडी येते व मृत्यू ओढवतो. माणसांच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारण्यास पुरेशी आहे. कुत्र्यांच्या पिसवांवरील फिप्रोनील हे औषध सशांना विषारी आहे. सशाला व गिनी पिगाला पेनिसिलीन वर्गातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून घातक जंतू माजतात. बारा तास काही न खाल्लेला ससा हा आणीबाणीचा रुग्ण समजावा. ‘उद्या बघू’ म्हटल्यास बहुधा उशीर होतो. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात; गवताऐवजी पाव, बिस्किटे व नुसते दाणे घातल्यास ते झिजत नाहीत, वाकडे वाढतात व भूल देऊन वारंवार कापावे लागतात. हा खर्च आहाराने पूर्णपणे टळणारा आहे.

माणसास होणारे रोग : अलर्क रोग हा यांतील सर्वांत भयंकर, त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ निश्चित दगावतो. विकत आणलेले पिलूही याला अपवाद नाही. कुत्र्यामांजरांना वयाच्या तिसऱ्या महिन्यात पहिली व त्यानंतर दर वर्षी लस टोचावी. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व विलंब न लावता दवाखाना गाठावा. शासकीय रुग्णालयांत ही लस माणसांना विनामूल्य मिळते. चुना, हळद वा तिखट जखमेत भरण्याची ग्रामीण प्रथा अपायकारक आहे. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून शुकरोग, सशांपासून व मांजरांपासून गजकर्ण, कासवांपासून साल्मोनेला जंतूंचा हगवणीचा विकार होऊ शकतो. घरात लहान मूल, गरोदर स्त्री वा दुर्बल वृद्ध असल्यास प्राणी हाताळल्यावर हात धुण्याची सवय लावावी आणि मांजराच्या विष्ठेची सफाई गरोदर स्त्रीने करू नये.

प्राणी मेल्यास मृतदेह ओढ्यात, नदीत वा कचराकुंडीत टाकू नये. कृष्णा, कोयना व वारणा यांच्या काठावरील अनेक गावांची पाणीपुरवठ्याची विहीर वा जॅकवेल पात्रालगत असते. लहान प्राण्यास विहिरीपासून दूर, सु. एक मीटर खोल खड्डा खणून, चुना पसरून पुरावे. मृत्यू संशयास्पद वाटल्यास, विशेषतः पिसाळल्याची लक्षणे असलेला प्राणी चावून मेला असल्यास, तो न पुरता हातमोजे घालून वेगळा ठेवावा व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेंदूच्या नमुन्याची परीक्षा तेथून प्रयोगशाळेकडे पाठविता येते.